डोक्यावर काही नको

दादा शेडच्या मधोमध गोल्फचा क्लब धरून उभा होता आणि मी त्याच्या मागं शिडीवर चढून प्रोजेक्टरच्या जागी टॉर्च धरली होती. समोर पांढरी चादर ताणून बांधलेली. "मार," मी म्हटलं. त्यानं क्लब वर नेला, कंबर वळवली, आणि चादरीवरून एक लांब काळी रेघ सर्रकन फिरून गेली. दादाच्या डोक्याची सावली चादरीवर आलीच नाही, ती खाली फरशीवर राहिली. पण क्लबची सावली बरोबर मधे पडली, जिथं चेंडू उडताना दिसायला पाहिजे तिथंच.

म्हणजे इथं नको. शिडी पुढं सरकवली.

त्या संध्याकाळी पाच-सहा जागी टॉर्च धरून पाहिली आणि प्रत्येक जागेखाली फरशीवर खडूनं फुली मारली. घरच्या गोल्फ सिम्युलेटरला परवडणारा प्रोजेक्टर कोणता घ्यावा, हा प्रश्न घेऊन मी दोन महिने माहितीपत्रकं वाचत होतो. उत्तर त्या फुल्यांमधून निघायला लागलं.

दादा सव्वीस वर्षं फौजेत होता. छावणी कुठलीही असो, बाजूला गोल्फचं मैदान बहुतेक असायचंच. तिथं तो खेळायला शिकला आणि त्यात रमला. निवृत्त झाल्यावर पुण्यात फ्लॅट घ्यायचं चाललं होतं, पण आई औसा सोडायला तयार नाही, म्हणून तोच औशाला आला. इथून त्याच्या ओळखीचं मैदान म्हणजे पुण्याचं, तीनशे किलोमीटरच्या पलीकडं. पहिलं वर्षभर त्याची गोल्फची बॅग माडीवर भिंतीला टेकून उभी होती. एकदा मी लातूरहून रविवारी गेलो तर हा अंगणात एकटाच, हातात क्लब नाही, चेंडू नाही, नुसते हात जुळवून स्विंग करतोय. मी दारातच थांबलो. त्याला कळू दिलं नाही. परत येताना ठरवलं, मागचं शेड रिकामंच पडलंय, तिथं ह्याला मैदान करून द्यायचं.

सिम्युलेटर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. चेंडू खरा, क्लब खरा. समोर दहा फुटांवर जाड विणीचा पडदा, ज्याला इम्पॅक्ट स्क्रीन म्हणतात. चेंडू त्यावर आदळून खाली पडतो. चेंडूचा वेग, कोन आणि फिरकी मोजणारं एक छोटं यंत्र मागं किंवा बाजूला ठेवतात. आमचं रडारचं आहे, ते चेंडूच्या मागं सात फुटांवर बसतं. त्यावरून लॅपटॉप हिशोब करतो आणि तोच चेंडू पडद्यावरच्या मैदानात पुढं उडत जातो. गोल्फचा चेंडू असतो जेमतेम ४६ ग्रॅमचा, पण चांगला मारणाऱ्याच्या ड्रायव्हरवरून, म्हणजे सगळ्यात लांब क्लबवरून, तो ताशी २०० किलोमीटरच्या वर सुटतो. म्हणजे प्रोजेक्टरला इथं दोन गोष्टी सांभाळायच्या: चेंडूच्या वाटेत यायचं नाही, आणि माणसाला आपल्या उजेडाच्या वाटेत येऊ द्यायचं नाही. सिनेमा बघायच्या प्रोजेक्टरला ह्यातली एकही काळजी नसते. म्हणून सिनेमासाठी केलेल्या शिफारशी इथं फारशा कामाच्या नाहीत.

हे शेड आमच्याकडं कसं आलं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. आईचं माहेर किल्लारीच्या पलीकडं. तिकडची जुनी घरं म्हणजे दगड-मातीच्या हातभर रुंद भिंती आणि वर माळवद: लाकडी सऱ्यांवर फळ्या, त्यावर वर्षानुवर्षं चढत गेलेला मातीचा थर. उन्हाळ्यात असं गार घर दुसरं नाही. पण त्या पहाटे भिंती सुटल्या आणि ते सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. आमची आजी आणि मामाची धाकटी मुलगी त्यात गेली. औशातलं आमचं घर उभं राहिलं, पण भेगाळलं. आई त्या दिवसापासून माळवदाखाली झोपली नाही. दिवाळीच्या आधी वडिलांनी मागच्या आवारात लोखंडी अँगलवर पत्रे टाकून शेड केलं. बावीस फूट लांब, चौदा फूट रुंद, साडेदहा फूट उंच. सहा वर्षं आम्ही सगळे तिथंच झोपलो. पत्रा पडला तरी माणूस वाचतो, असं तेव्हा आमच्या भागात घरोघर म्हणायचे.

तर मी आणि दादा शेडमध्ये वर बघत, प्रोजेक्टर कुठं टांगायचा ते बोलत होतो, तेवढ्यात आई दाराशी आली.

"काय करायलाव रे?"

सांगितलं.

"वर टांगायलाव?"

"साडेतीन किलोचं आहे आई, पंख्याएवढं पण नाही."

"किलोचं नको सांगू मला. खाली कोण उभं राहणार? हा का?"

दादानं माझ्याकडं पाहिलं. भूकंप झाला तेव्हा तो दूरच्या पोस्टिंगवर होता, पोचायला चौथा दिवस उजाडला होता. तो आईला एवढंच म्हणाला, "नाही. माझ्या डोक्यावर काही येणार नाही." आणि ती अटच पक्की झाली. खडूची फुली त्यानंतर मारायला घेतली ती ह्याच अटीवर.

आता आकड्यांकडं येतो. मी अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळं हा भाग मला मनापासून आवडतो.

प्रोजेक्टरच्या कागदावर सगळ्यात मोठ्या अक्षरात ल्युमेन्स, म्हणजे उजेडाचं माप, लिहिलेले असतात आणि थ्रो रेशो कुठंतरी खाली बारीक. सिम्युलेटरसाठी वाचायला सुरुवात त्या बारीक आकड्यापासून करायची. थ्रो रेशो म्हणजे लेन्सपासून पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी. आम्हाला चित्र दहा फूट रुंद पाहिजे. साध्या प्रोजेक्टरचा रेशो दीडच्या आसपास असतो. म्हणजे तो पडद्यापासून पंधरा फुटांवर, दादाच्या पाच फूट मागं जाणार. टॉर्च घेऊन मी पहिल्यांदा उभा होतो तीच जागा, क्लबची सावली चित्रावर फिरवणारी. रेशो एक असेल तर प्रोजेक्टर दहा फुटांवर, म्हणजे नेमका दादाच्या टाळूवर. तिथं आईची हरकत, आणि क्लबचीही: ड्रायव्हर पावणेचार फुटांचा, उंच माणसानं तो फिरवला तर नऊ फुटांपर्यंत सहज पोचतो. रेशो ०.५ असेल तर प्रोजेक्टर पडद्यापासून पाच फुटांवर, दादाच्या पाच फूट पुढं. त्या जागी खेळताना कुणीच उभं राहत नाही. सावली पडायचा प्रश्नच संपला, कारण माणूस उजेडाच्या मागं. शेवटची फुली मी तिथं मारली आणि तिला गोल केला.

मग अजून जवळचा का नको? पडद्यापासून वीतभर अंतरावर ठेवायचे अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर मिळतात. पण त्यांचा उजेड पडद्यावर फार तिरपा पडतो, त्यांना आरशासारखा सपाट पडदा लागतो. आपला पडदा दर फटक्याला हलतो, त्याला थोडी ढील ठेवावीच लागते, नाहीतर चेंडू उसळून अंगावर येतो. ढील असलेल्या कापडावर तिरपा उजेड टाकला की सरळ क्षितिजसुद्धा लाटेसारखं दिसतं. शिवाय यंत्र चेंडूच्या पट्ट्यात. तो विषय आम्ही तिथंच सोडला.

ल्युमेन्सच्या बाबतीत मी एकदा फसलो, आणि ते सांगायलाच पाहिजे. मोबाईलवर एक जाहिरात दिसली: ९००० ल्युमेन्स, किंमत सात हजारांच्या आत. मागवला. डबा हलका होता तेव्हाच शंका आली. दुपारी चार वाजता शेडमध्ये लावला; पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे येत होते, आणि त्या प्रोजेक्टरचं चित्र त्या कवडशांपुढं पुसून गेलेलं. दिवे घालवून रात्री बघितलं तरी हिरवळ राखाडीच. दादा म्हणाला, "असू दे, चालेल." त्याचं हे "चालेल" मला फार लागलं. वर्षभर अंगणात हात जुळवून स्विंग करणाऱ्या माणसाला राखाडी मैदान कसं चालेल? दुसऱ्या दिवशी परत पाठवला, पैसे मिळायला सव्वा महिना लागला.

पहायचे ते अँसी ल्युमेन्स. पांढऱ्या चित्राचे नऊ भाग करून प्रत्येक ठिकाणचा उजेड मोजतात आणि त्याची सरासरी धरून हा आकडा काढतात. स्वस्तातल्या छोट्या एलईडी प्रोजेक्टरवर हजारांचा जो आकडा छापतात तो बहुधा आतल्या दिव्याचा किंवा नुसताच छापलेला असतो. अँसीच्या हिशोबात ते काही शेकड्यांतच निघतात. आमचं चित्र दहा बाय साडेसात, म्हणजे ७५ चौरस फूट. ३००० अँसी ल्युमेन्स त्यावर पसरले की चौरस फुटाला ४० येतात. ३०० पसरले तर ४. इम्पॅक्ट स्क्रीनच्या विणीतून थोडा उजेड पलीकडंही निसटतो, तो वेगळाच. रात्री खेळणार असाल आणि दिवा खेळणाऱ्याच्या डोक्यावरच ठेवून पडद्यावर उजेड येऊ देणार नसाल, तर ३००० पुरतात. दिवसा उघड्या शेडमध्ये खेळायचं असेल तर पैसे प्रोजेक्टरवर नाही, आधी भोकं बुजवण्यावर खर्च करा. आम्ही एम-सीलच्या चार पुड्या आणि काळं कापड घेतलं.

शॉर्ट थ्रो आणि ३००० ल्युमेन्स ठरलं. पूर्ण एचडीचा नवा घ्यायला गेलो तर दुकानदारानं किंमत लाखाच्या आगेमागे सांगितली. पडदा, जाळी, मॅट, रडार ह्यावर आधीच बरेच गेले होते. आणि तेव्हा मला सुचलं, की आपण लातुरात राहतो.

लातूर पॅटर्न सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. ह्या गावात जेवढ्या वर्गखोल्या आहेत तेवढी दुकानं नसतील असं कधीकधी वाटतं. आणि वर्गखोलीची अडचण नेमकी गोल्फसारखी आहे: शिकवणारा फळ्यापुढं उभा, त्याची सावली फळ्यावर पडायला नको. म्हणून क्लासेसनी शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर घेतले होते, फळ्याच्या वर तीन-चार फुटांच्या दांड्यावर बसवलेले. आता जिकडंतिकडं स्पर्शानं चालणारे मोठे पॅनेल आले आणि ते प्रोजेक्टर काढून ठेवले. मी स्वतः अशाच एकाखाली आठ वर्षं शिकवलं. रोज संध्याकाळी मान वर केली की दिसायचा तो. ह्या वस्तूला शोधत दोन महिने बाजार पालथा घातला!

ओळखीच्या क्लासच्या माळ्यावर सहा नग होते. आम्ही सगळे खाली काढून एकेक लावून बघितले. जुना प्रोजेक्टर घेणाऱ्यांसाठी हे जरा सविस्तर लिहितो. आधी मेन्यूत जाऊन लॅम्पचे तास बघायचे. दिवा साधारण ३००० ते ५००० तास चालतो. मग पडद्यावर पूर्ण काळं चित्र लावायचं आणि जवळ जाऊन पांढरे ठिपके शोधायचे. हे प्रोजेक्टर डीएलपी जातीचे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक ह्यांनी १९८७ मध्ये जी चिप काढली, तिच्यावर चित्राच्या प्रत्येक ठिपक्याला एक सूक्ष्म आरसा असतो. तो एका बाजूला कलला की उजेड, दुसऱ्या बाजूला कलला की अंधार. आमच्या चित्राचे ठिपके १०२४ गुणिले ७६८, म्हणजे बोटाच्या पेरात मावेल अशा चिपवर ७,८६,४३२ आरसे. वयोमानानं त्यातले काही अडकून बसतात आणि अडकलेला आरसा काळ्या चित्रावर पांढरा ठिपका होऊन दिसतो. चार-दोन असतील तर ठीक. चांदणं पडल्यासारखं दिसलं तर तो नग बाजूला ठेवायचा. त्यानंतर पूर्ण पांढरं चित्र लावून डाग बघायचे. सहांतले तीन चांदण्यांत गेले, एकाचा पंखा खरखरत होता. राहिलेल्या दोनपैकी १९०० तासांचा, ३००० ल्युमेन्सचा, ०.५ रेशोचा नग आम्ही चौदा हजारांना घेतला. मागची जाळी उघडली तर आत मार्करच्या पुडीचा मऊ काळा थर होता. तो मी ब्रशनं काढला.

एचडी नाही म्हणून पस्तावा झाला का? हिशोब करून सांगतो. दहा फुटांत १०२४ ठिपके म्हणजे एक ठिपका ३ मिलिमीटरचा. दहा फुटांवरून तो बारकाईनं बघितलं तर कळतो, अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात. पण गवताला, झाडांना, आकाशाला कडा नसतात, आणि पडद्याची जाड वीण उरलेलं झाकते. उलट एका बाबतीत हा जुना आकार आमच्या कामाचा निघाला. ४:३ चं चित्र दहा फूट रुंदीला साडेसात फूट उंच होतं. १६:९ चं साडेपाचच्या थोडं वर भरतं. वेज नावाच्या क्लबनं मारल्यावर चेंडू उंच चढतो, त्याला आकाश पाहिजे. नवा घ्यायची ऐपत असेल तर एचडीच घ्या, आणि उंच पडद्यासाठी तो १४४० गुणिले १०८० वर चालवा; दोन्ही बाजूंची थोडी पट्टी वाया जाते एवढंच. पण बजेट बेताचं असेल तर उजेड आणि रेशो सोडून ठिपक्यांच्या मागं लागू नका.

दिव्याऐवजी लेझर असलेल्या प्रोजेक्टरचा मोह मलाही झाला होता. २०,००० तास आयुष्य, चालू केल्याबरोबर पूर्ण उजेड. पण दादा रोज तासभर खेळणार, वर्षाला ३६५ तास. उरलेल्या दिव्यावर तीन वर्षं निघतील, मग नवा दिवा. सिम्युलेटर भाड्यानं चालवणाऱ्याचे वर्षाला साडेतीन हजार तास होतात, त्यानं लेझरच घ्यावा.

लाईटचं मात्र बघावं लागलं. जुन्या लॅम्पचा प्रोजेक्टर बंद केल्यावर पंखा मिनिट-दोन मिनिटं चालतो, दिवा थंड करतो. मधेच लाईट गेली तर तापलेला दिवा तसाच राहतो आणि त्याचं आयुष्य कमी होतं. म्हणून घरातल्या इन्व्हर्टरची एक वायर शेडमध्ये ओढली. आणि उन्हाळा. बहुतेक प्रोजेक्टर चाळीस अंशांच्या पुढं चालवू नका असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी त्याहून जास्तच असतं. आमचा एकदा दोन वाजता तांबडा दिवा लावून आपोआप बंद झाला. तेव्हापासून खेळ रात्री आठनंतर.

राहिलं टांगणं. छताला हात लावायचा नाही, हे आईनं सांगितलेलं. म्हणून वेल्डरकडून अँगलची कमान करून घेतली: दोन्ही बाजूंना सहा-सहा फुटांवर पाय, पाय काँक्रीटमध्ये दीड फूट गाडलेले, वर आडवा दांडा नऊ फुटांवर. पत्र्याशी तिचा कुठंच संबंध नाही. शेड हललं तरी कमान आपल्या पायावर. आडवा गेलेला चेंडू लोखंडावर आपटून उलटा येऊ नये म्हणून दोन्ही पायांना जुन्या ट्यूबा गुंडाळल्या.

वेल्डर पैसे मागायला थांबला होता. आई म्हणाली, "थांब." तिनं दादाला कोठीतून पन्नास किलो ज्वारीचं पोतं आणायला लावलं. नाड्याच्या दोरानं ते दांड्याच्या मधोमध बांधलं, प्रोजेक्टर यायचा होता त्याच जागी. रात्रभर पोतं तिथं लटकत राहिलं. मी त्या रात्री औशातच होतो. तीनच्या सुमाराला जाग आली तर शेडमध्ये दिवा लागलेला. आई कमानीसमोर खुर्ची टाकून बसली होती, पोत्याकडं बघत. मी काही बोललो नाही, बाजूला जाऊन बसलो. जरा वेळानं ती म्हणाली, "इथंच बाज होती माझी," आणि पडद्याच्या खालच्या जागेकडं बोट केलं. सकाळी वेल्डर आला तेव्हा तिनं दांड्याला दोरी ताणून बघायला सांगितलं. दांडा केसभर वाकला नव्हता. मग पैसे दिले.

प्रोजेक्टर उलटा बसवला, स्पिरिट लेव्हल लावून. ह्या जातीचं चित्र लेन्सच्या सरळ समोर न पडता एका बाजूला सरकून पडतं, म्हणून उलटा टांगला की ते आपोआप खाली येतं, कीस्टोनचं बटण दाबावं लागत नाही. कीस्टोन म्हणजे तिरपं चित्र कापून चौकोनी करणं. त्यात आधीच मोजके असलेले ठिपके अजून वाया जातात आणि कडेला राखाडी पट्टी चमकत राहते. खालच्या नटानं पाव इंच इकडं-तिकडं करून बसवलेलं चित्र केव्हाही चांगलं. त्याला आम्हाला दीड तास लागला.

पहिल्या रात्री दादानं सेव्हन आयर्न हा क्लब घेतला. समोर दहा फूट हिरवळ, दूर झाडांची रांग, वर निळं आकाश, आणि सावली कुठंच नाही. त्यानं चेंडू मारला. चेंडू पडद्यावर आदळला आणि सबंध शेड दणाणलं, पत्रे थरथरले. दादा चेंडूकडं बघत होता, पण मी मागं बघितलं. आई खुर्चीवरून उठून अंगणात गेली होती.

तो आवाज आमच्या कुठल्याच हिशोबात नव्हता. दादानं त्या रात्री दुसरा चेंडू मारला नाही. दुसऱ्या दिवशी पडद्याच्या मागं, भिंतीपासून हातभर सोडून, आईच्या हातच्या चार जुन्या वाकळी दोरीवर टांगल्या, आणि पत्रा-अँगलच्या मधे जिथं जिथं फट होती तिथं सायकलच्या ट्यूबचे तुकडे कोंबले. थरथर गेली. उरला तो नुसता मऊ दप्प असा आवाज, उशीवर मूठ मारल्यासारखा.

ह्या गोष्टीला चार महिने झाले. परवा मी रात्री साडेआठला पोचलो तर शेडमध्ये दादा खेळत होता आणि आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. मी पाटावर बसलो. बाहेरून दप्प, थोडा वेळ, परत दप्प. आईनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि म्हणाली, "हा नीट बसला नाही बघ त्याचा." पडद्यावर बघायला मी उठून गेलो. चेंडू डाव्या अंगाला झाडीत गेला होता.